दगडच तो, त्याला काय होतंय?

बीड जिल्ह्याचा ऐतिहासिक ठेवा काचेच्या कपाटात फारसा नाही, तो उघड्यावर आहे. अंबाजोगाईचा हत्तीखाना, यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे तेराव्या शतकातले शिलालेख, बीड शहरात कुंडाच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ, निजामशाहीत सलाबतखानाने बांधवून घेतलेली खजाना विहीर, धारूरचा किल्ला. यातल्या बऱ्याच ठिकाणी तिकीट फाडणारा माणूस नसतो. म्हणून नियमही नाहीत, असं लोक धरून चालतात. संग्रहालयात गेलं की तीच माणसं हात मागे बांधून चालतात आणि बाहेर पडल्यावर नक्षीच्या खांबाला टेकून फोटो काढतात. संग्रहालयातला नियम ज्या कारणासाठी आहे, तेच कारण उघड्यावरच्या खांबालाही लागू पडतं. पाटी नसली तरी पडतं.

सगळ्यांत पक्का रुजलेला गैरसमज म्हणजे हात लावल्याने दगडाचं काही बिघडत नाही. एका हाताने खरंच बिघडत नाही. पण यात्रेच्या दिवशी एकाच मूर्तीच्या गुडघ्यावरून हजारो हात फिरतात, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. तळहाताचा घाम आणि तेल दगडाच्या बारीक छिद्रांत उतरतं, त्यावर धूळ बसते आणि उठावाच्या कडा गुळगुळीत होत जातात. दागिन्यांची नक्षी, बोटांची पेरं, डोळ्यांच्या पापण्या असे नाजूक भाग आधी जातात. धातूचं तर आणखी वाईट. घामातल्या क्षारांमुळे तांब्याच्या नाण्याला आणि पितळी मूर्तीला गंज धरतो. संग्रहालयातले लोक नाणं हाताळताना हातमोजे घालतात ते यासाठीच.

तेल आणि शेंदराचा प्रश्न नाजूक आहे, कारण त्यात श्रद्धा आहे. ‘स्मारक संरक्षित झालं की पूजा बंद होते’ अशी भीती गावोगावी असते. ती खरी नाही. 1958 चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा सांगतो की संरक्षित प्रार्थनास्थळाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत अशा कामासाठी होता कामा नये. म्हणजे चालत आलेल्या पूजेला कायदा मान देतो. गाभाऱ्यातल्या देवाला अभिषेक होऊ द्या. मात्र मंडपाच्या बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या सुरसुंदरीला तेल चोपडणं ही कुठल्याच देवाची पूजा नाही. आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या देवळाला ऑइलपेंट मारणं हे मला सर्वांत क्लेशदायक वाटतं. मराठवाड्यात अशी कितीतरी देवळं आहेत. रंगाचा थर दगडातली ओल आत कोंडतो, मग पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यासोबत कोरीव कामही सुटतं. तो रंग काढायला कुणी सँडब्लास्टिंग केलं, म्हणजे वाळूचा मारा केला, तर उरलंसुरलं छिन्नीकामही झिजून जातं.

शिलालेखावर खडू किंवा चुना फासून अक्षरं ‘उठवण्याची’ सवय इतिहासप्रेमींनाही आहे. त्यांचा हेतू चांगला असतो, पण परिणाम दुहेरी वाईट होतो. खडू खरवडून काढताना झिजलेली अक्षरं आणखी झिजतात. शिवाय खडू फासणाऱ्याला जे अक्षर दिसलं असं वाटतं तेच तो रंगवतो, आणि पुढचा वाचणारा त्याचीच चूक वाचतो. त्यापेक्षा संध्याकाळी टॉर्च घेऊन जा आणि तो लेखाच्या एका बाजूने, जवळजवळ दगडाला समांतर धरा. तिरप्या उजेडात खाचांमध्ये सावली भरते आणि भर दुपारी न दिसणारी ओळ वाचता येते.

फोटोबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. कुणाला वाटतं फोटोला सगळीकडे मनाई आहे, तर कुणाला वाटतं आपल्या मोबाइलला कोण अडवणार. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2018 साली आपल्या स्मारकांमध्ये फोटो काढायला मोकळीक दिली. त्यातून अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली मुख्य कबर एवढ्या जागा वगळल्या. राज्याच्या आणि खाजगी संग्रहालयांचे नियम वेगवेगळे असतात, ते खिडकीवरच विचारावेत. फ्लॅशने दगड खराब होत नाही, हेही सांगायला हवं. ज्याला प्रकाश बाधतो तो कागद, कापड आणि रंग. अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे. त्या लांबलचक कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तातला विषय मांडला. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615, म्हणजे हे कापड चारशे वर्षांपलीकडचं. कापडावर पडलेल्या उजेडाचा परिणाम साचत जातो. अंधारात ठेवल्याने तो भरून निघत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, असा संकेत जगभरची संग्रहालयं पाळतात. घरातल्या दिवाणखान्यातला उजेडही बहुधा याहून जास्त असतो. संग्रहालयाचं दालन अंधारं दिसलं की लोक व्यवस्थापनाला नावं ठेवतात. तो अंधार मुद्दाम ठेवलेला असतो.

नाव कोरलं तर फार तर दंड भरावा लागेल, असंही बोललं जातं. केंद्राच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होता. 2010 च्या दुरुस्तीनंतर तो दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा झाला. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा 1960 चा वेगळा कायदा आहे.

खाणंपिणं, चपला, आरडाओरडा यांवर फार लिहायला नको. सांडलेल्या खाण्याला मुंग्या आणि उंदीर येतात, आणि उंदराला पोथीचा कागद आवडतो, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

शेवटचा गैरसमज शेतकऱ्यांमध्ये आणि हौशी भटक्यांमध्ये सारखाच आढळतो. शेतात, ओढ्याकाठी सापडलेलं खापर किंवा नाणं सापडणाऱ्याचं, असं मानलं जातं. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुप्तधनासाठी रात्री खणणाऱ्यांना तर कुठलाच कायदा पाठीशी घालत नाही. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट जागेची आहे. खापर कुठल्या थरात, कशाशेजारी पडलं होतं, यावरून त्याचा काळ कळतो. ते उचलून खिशात घातलं की ती माहिती कायमची जाते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू जमवल्या आणि त्या सरकारी संग्रहालयाला दिल्या. तेरची हस्तिदंती बाहुली आज अभ्यासकांना पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देते. तेर आणि रोमचा व्यापार सांगणारा पुरावा लोकांसमोर राहिला, तो लामतुरे यांनी या वस्तू घरात न ठेवल्यामुळे. तुमच्या बांधावर असं काही दिसलं तर ते उचलू नका. शेजारी एखादी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहून घ्या आणि तहसील कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या.