वजा २२, अधिक ११ : वर्गातल्या सॉफ्टवेअरचा हिशेब

गुजरातमधल्या 'ज्ञानशाळा' या संस्थेच्या वर्गांत गणिताचे सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी वापरले गेले. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी २००८ साली मांडलेले त्याचे निकाल सोपे करून सांगायचे, तर कमी गुणांपासून चढत्या क्रमाने शंभर मुले उभी करा आणि पन्नासावे मूल बघा. नेहमीचा तास काढून तिथे संगणक आणला, तेव्हा ते साधारण २८ व्या जागेवर घसरले. शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून दिला, तेव्हा ६१ व्या जागेवर चढले. धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरच्या एखाद्या शाळेसाठी लोकवर्गणीतून टॅब घ्यायचे ठरले, तर कंपनीच्या जाहिरातीआधी हे दोन आकडे समोर ठेवावेत.

सॉफ्टवेअर म्हणजे तरी नेमके काय? त्याचे तीन प्रकार एका वजाबाकीवरून पाहू. 'असर २०२४' या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या जेमतेम ३३.७ टक्के मुलांना हातच्याची वजाबाकी येते. ५२ वजा २७ दिले की अनेक मुले ३५ लिहितात. प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान अंक वजा करतात. व्हिडिओ सगळी रीत पहिल्यापासून दाखवतो, पण या मुलाचे कुठे अडले ते त्याला कळत नाही. प्रश्नमंजूषा 'चूक' एवढेच सांगते. उत्तर ३५ आले यावरूनच चूक ओळखून पुढचे गणित बदलणारे सॉफ्टवेअर हे तिसरे, आणि माझ्या मते पैसे यावरच खर्च करावेत. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची मोलाची वाट शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखवली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पण कोड धड्यापर्यंत नेतो, चुकीपर्यंत नाही.

दिल्लीत 'माइंडस्पार्क' हे तिसऱ्या प्रकारचे सॉफ्टवेअर तपासले गेले. तिथली सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. साडेचार महिन्यांत पन्नासावे मूल ६४ व्या जागेच्या आसपास पोचले. मात्र रोजच्या ९० मिनिटांपैकी ४५ मिनिटेच संगणकावर जात. उरलेली ४५ छोट्या गटात, शिकवणाऱ्या माणसासमोर. वडोदऱ्यातल्या गणिताच्या संगणक कार्यक्रमात एका संगणकावर दोघे, आठवड्याला दोन तास, एवढ्यावरही पहिल्या वर्षी जवळपास तितकीच प्रगती झाली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला.

आता ४० मुलांचा वर्ग आणि १० टॅब धरा. एकावर दोघे, म्हणजे एका वेळी २० मुले. ४० मिनिटांच्या तासात प्रत्येक जोडीला २० मिनिटे. आठवड्याचे दोन तास भरायला सोमवार ते शनिवार गणिताचे सहाही तास लागतात. टॅब दिले आणि बाई कागदपत्रांत गुंतल्या, तर ज्ञानशाळेसारखी घसरण इथेही होऊ शकते. पण निम्मी मुले टॅबवर असताना बाई उरलेल्या २० जणांत बसल्या, तर प्रत्येकाची पाटी हातात घेऊन ५२ वजा २७ कुठे चुकले, हे त्यांना बघता येते.