पगारातून कापलेले पैसे जातात कुठे?



आमच्या गावाकडचे एक शेतकरी गृहस्थ आहेत. लहानथोर सारे त्यांना तात्या म्हणतात. त्यांचा मुलगा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला लागला. पहिला पगार झाला आणि तात्या पगाराची स्लिप घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, पोराला चौदा हजार ठरलं हुतं. हातात पडलं बारा हजार पंधरा. मधलं दोन हजार कुणी खाल्लं? सरकारनं का मालकानं?"

तात्यांचा प्रश्न रोकडा होता. तो पुष्कळ घरांतून विचारला जातो, पण त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. आज आपण तो मांडू या. घरात कुणाची पगाराची स्लिप असेल तर ती समोर घेऊन बसा, म्हणजे समजायला सोपे जाईल.

तात्यांच्या मुलाच्या स्लिपवर कपातीच्या तीन ओळी होत्या. पहिली ओळ भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे आपण ज्याला पी. एफ. म्हणतो त्याची. १९५२ च्या कायद्याने हा निधी सुरू झाला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिच्या साधारणपणे १२ टक्के कामगाराकडून कापतात. १४,००० चे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये. आता हा कर आहे काय? मुळीच नाही. हे मुलाचेच पैसे आहेत, ते त्याच्या नावावर साठतात. शिवाय मालकालाही तेवढेच १,६८० रुपये पदरचे भरावे लागतात. त्यांतले सुमारे १,१६६ रुपये पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ५१४ मुलाच्या निधीत पडतात. म्हणजे कापले १,६८०, पण निधीत साठले २,१९४. त्यावर व्याज मिळते ते वेगळेच. २०२४-२५ या वर्षासाठी ते ८.२५ टक्के होते.

दुसरी ओळ कामगार राज्य विम्याची. तो १९४८ च्या कायद्याने सुरू झाला. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू होतो. कामगाराकडून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. मुलाचे गेले १०५ रुपये, मालकाचे ४५५. याच्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधपाणी मिळते, आणि आजारपणात पगार बुडाला तर त्याची काही भरपाईही मिळते.

तिसरी ओळ २०० रुपयांची, व्यवसाय कराची. हा मात्र खरोखरीचा कर. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाकडून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये घेतात. वर्षाचे झाले २,५००. राज्यघटनेनेच या करावर एवढी मर्यादा घातलेली आहे. स्त्रियांना २०२३ च्या एप्रिलपासून २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर हा कर माफ आहे.

आता बेरीज करा. १,६८०, १०५ आणि २०० मिळून १,९८५. यांपैकी कर म्हणून गेले फक्त २०० रुपये. बाकीचे गेले असे म्हणण्यापेक्षा ठेवले असे म्हणणे बरोबर.

मास्तरमंडळींच्या स्लिपवर ओळी थोड्या निराळ्या असतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांच्या पगारातून मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम निवृत्तिवेतन योजनेत जाते. पगार मोठा असेल तर आयकरही दर महिन्याला कापला जातो. हा कर वर्षाच्या अंदाजाने कापतात. अंदाज चुकून जास्त कापला गेला, तर विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो. २०२५-२६ या वर्षी नव्या करपद्धतीत १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या वार्षिक पगारावर आयकर बसत नव्हता. म्हणून विवरणपत्राचा कंटाळा करू नये. तो कंटाळा आपल्याच पैशाला महाग पडतो.

एक सावधगिरी मात्र प्रत्येकाने बाळगावी. स्लिपवर पैसे कापलेले दिसले म्हणजे ते खात्यात भरले गेलेच, असे नव्हे. पी. एफ.च्या प्रत्येक खातेदाराला बारा आकडी क्रमांक मिळतो. त्यावरून मोबाइलवर पासबुक पाहता येते. मालकाने पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत रक्कम भरायची असते. तेव्हा वीस तारखेच्या सुमारास पासबुक उघडून पाहावे. नोंद नसेल तर आधी कारखान्यात विचारावे आणि तेथे दाद लागली नाही तर निधीच्या कार्यालयाकडे तक्रार करावी. वारसाचे नावही नोंदवून ठेवावे. नोकरीत असताना कामगार दगावला तर वारसाला सात लाखांपर्यंत विम्याची रक्कम मिळू शकते. आणि नोकरी बदलली की निधी काढून मोकळे होऊ नये, खाते पुढे चालवावे. दहा वर्षांची नोकरी भरली तरच पेन्शनचा हक्क लागू होतो. ज्यांना हे वाचता येत नाही त्यांना गावच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा पासबुक पाहून दिले, तर ते मोठेच काम होईल.

तात्यांना एवढे सांगितल्यावर ते म्हणाले, "बाकीचं समजलं. पण ते दोनशे कशापायी?"

मी विचारले, "तात्या, बहात्तरचा दुष्काळ आठवतो?"

"आठवतो म्हंजे? आईसंगं खडी फोडायला जात हुतो मी. त्या खडीवर आमची चूल पेटली."

मग मी त्यांना सांगितले. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांनी मांडली. १९६५ साली त्यांच्याच तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली. ती पुढेही चालावीत म्हणून १९७५ साली हा व्यवसाय कर बसवला. पगारदाराने थोडे द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, अशी ती योजना होती. रोजगार हमीचा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलात आला, आणि पुढे २००५ साली देशानेही तसा कायदा केला.

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग स्लिपची घडी घालून खिशात ठेवीत म्हणाले, "मग दोनशे जाऊ द्यात. पण सर, वीस तारखेला ते पासबुक तेवढं बघू."

वीस तारखेला आम्ही ते पाहिले. नोंद होती.