राक्षसाची दाढ

शेवगाव तालुक्यातल्या आमच्या आजोळी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक काळसर दगड लावलेला असे. आजोबांनी गोदेच्या पात्रातून आणलेला. विटेएवढा, पण वजनाला दोन विटांना भारी. अंगावर सरी पाडल्यासारख्या आडव्या रेघा. आजी म्हणायची, ‘राक्षसाची दाढ आहे ती, पाय लावू नको.’ आम्ही हसायचो. पुढे वाडा पडला, दगड भरावात गेला.

चाळिशी उलटल्यावर एका संग्रहालयात हत्तीची अश्मीभूत दाढ पाहिली आणि जागीच थबकलो. त्याच रेघा! आजी निम्मी तरी बरोबर असावी.

आपल्या जिल्ह्यात, नगर म्हणा की आता अहिल्यानगर, बहुतेक सगळा काळा कातळ, लाव्हा थिजून झालेला. त्यात हाडं कुठली? ती सापडतात नद्यांनी नंतर साठवलेल्या गाळात, वाळू-गोट्यांच्या घट्ट थरांत. सहारनपूरच्या सरकारी बागेचे डॉक्टर ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे इंजिनिअर प्रोबी कॉटले यांनी १८४६ साली एका नामशेष हत्तीला ‘एलिफस नमॅडिकस’ म्हटलं, म्हणजे नर्मदेचा हत्ती. आजच्या हत्तीहून कितीतरी थोराड. तो गोदाकाठीही होता. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला मिळालेल्या त्याच्या अवशेषांवर पिलग्रिम यांनी १९०५ साली लिहिलं.

मला मात्र मुंगीची हकिगत अधिक मोलाची वाटते. ‘मुंगी-पैठण’ ही जोडी आपण ऐकतो, त्यातली मुंगी शेवगाव तालुक्यातली. तिथं हाडं असलेल्या थरात भूवैज्ञानिक वाइन यांना १८६०च्या दशकात अकीकाचा एक छिलका मिळाला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख ओल्डहॅम यांनी १८६८ साली त्यावर टिपण छापलं. एवढीशी चकती, पण माणसाच्या हातची! म्हणजे ती जनावरं पाण्यावर येत तेव्हा काठावर माणूसही होता. हे मानायला तेव्हा युरोपातले कित्येक विद्वानही तयार नव्हते. पुढे १९५४ ते ५६ मध्ये सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केलं. प्रवरेच्या थरांतही अश्मयुगीन हत्यारं निघाली.

खरी किंमत असते ती हाड कुठल्या थरात, कशाशेजारी होतं याला. सुटं हाड मुकं. वाळूचे डंपर भरताना हे कोण बघतो?

मामेभावाला बजावलंय, रेघांचा जड दगड दिसला तर घासू नकोस, जागेची खूण लिहून ठेव आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळव. आपल्या त्या दगडाचं विचारलं, तर म्हणाला, ‘भरावावर आता गुरांचा हौद बांधलाय की!’