औषधाची किंमत विचारण्यात संकोच कसला?

निपाणीच्या बाजारात दहा रुपयांची कोथिंबीर घ्यायची झाली तरी आपण दोन ठिकाणी भाव विचारतो. पण तीच मंडळी औषधाच्या दुकानात गेली की चिठ्ठी पुढे करतात आणि सांगतील तेवढे पैसे मोजतात. पैसे अपुरे असले तर हळू आवाजात म्हणतात, "निम्मीच द्या." या "निम्मीच द्या"मागे केवढा धोका आहे, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे, असे वाटते.

आमच्या ओळखीच्या एक वयस्क विडी कामगार बाई रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेत असत. डॉक्टरांनी रोज सांगितली होती. परंतु महिनाभराचे पाकीट परवडत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच हा हिशेब बसवला. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते. गोळीने गुण येत नाही असे समजून त्यांनी आणखी एक औषध वाढविले, आणि खर्च दुप्पट झाला! बाईंनी पहिल्याच दिवशी अडचण बोलून दाखविली असती, तर हे टळले असते. किंमत लिहून देणाऱ्यास कित्येकदा माहीत नसते आणि घेणारा विचारीत नाही, असा हा प्रकार आहे.

आता किंमत ठरते कशी, ते पाहू. औषधांच्या किमतींवर सरकारचे नियंत्रण जुने आहे. १९७० साली त्यासाठी सर्वंकष हुकूम निघाला. १९९७ साली राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण स्थापन झाले. सध्या २०१३ चा हुकूम लागू आहे. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांना कमाल किंमत बांधून दिलेली असते. बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या कंपन्यांच्या दरांची सरासरी काढतात, तीत दुकानदाराचा सोळा टक्के नफा मिळवतात, आणि ती कमाल मर्यादा होते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. यादीबाहेरच्या औषधांना अशी मर्यादा नाही. मात्र त्यांची छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही.

हा हुकूम केंद्राचा आहे. म्हणून निपाणीत घ्या, बेळगावात घ्या किंवा कोल्हापुरात घ्या, बांधून दिलेली मर्यादा एकच. आपल्या भागातील रुग्ण कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवून येतात आणि ते नाव इथल्या दुकानात मिळत नाही म्हणून पुन्हा तिकडे धावतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औषधाला दोन नावे असतात, एक कंपनीने ठेवलेले आणि एक मूळ औषधाचे. रक्तदाबाचे अ‍ॅम्लोडिपीन अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात, दरही निरनिराळे असतात. मूळ नाव पाकिटावर छापलेले असते. ते वहीत उतरवून ठेवावे.

सन २००८ पासून सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांत औषधे मूळ नावाने व पुष्कळ स्वस्त मिळतात. क्षयरोगाचे औषध तर सरकारी दवाखान्यात मोफत असते. त्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

दर ताडून पाहताना पाकिटाची नव्हे, एका गोळीची किंमत काढावी. समजा, दहा गोळ्यांचे पाकीट १२० रुपयांस आणि पंधरांचे १५० रुपयांस आहे. पहिले स्वस्त दिसते. पण त्यात गोळी बारा रुपयांस पडते, दुसऱ्यात दहास. चौथीतल्या मुलाला येणारे हे गणित घरी मुलांकडूनच करून घ्यावे. गोळीतील औषधाचे प्रमाण, म्हणजे मिलिग्रॅमचा आकडा, दोन्हीकडे सारखा आहे ना, हेही पाहावे. सुट्या गोळ्या घेतल्या तर पाकिटाच्या प्रमाणाबाहेर दर लावता येत नाही.

मात्र एक इशारा. स्वस्त मिळाले म्हणून औषध आपल्या मनाने बदलू नये. फेफरे, थायरॉईड, हृदयविकार यांच्या औषधांत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनीही बदलू नये. जंतुनाशक गोळ्या पैसे वाचविण्यासाठी अर्ध्यावर सोडू नयेत. रोग उलटू शकतो, आणि पुढे त्याच औषधाला जंतू दाद देत नाहीत.

तेव्हा दवाखान्यातून उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. डॉक्टरसाहेब, यांतील कोणते औषध अगदी आवश्यक आहे? हेच स्वस्तात मिळेल का? किती दिवस घ्यायचे? चांगला डॉक्टर याने रागावणार नाही; उलट पथ्य सांगावे तितक्या आपुलकीने उत्तर देईल.

आपल्या ट्रस्टकडून औषधोपचारासाठी जी मदत दिली जाते, ती जकात-सदक्यातून, कष्टकऱ्यांच्या घामातून आलेली अमानत आहे. एका रुग्णाच्या बिलात दोनशे रुपये वाचले, तर ते दुसऱ्याच्या उशाशी औषध होऊन जातात. म्हणून बिल मागून घ्यावे, जपून ठेवावे, आणि पैसे कमी पडत असतील तर गोळ्या निम्म्या करण्याआधी ट्रस्टकडे यावे. आजारपण सांगताना आपण लाजत नाही, मग अडचण सांगताना तरी का लाजावे?