तबल्याची शाई

श्रोतेहो, डफावर थाप मारा. दणका येतो, पण सूर धरता येत नाही. नुसतं ताणलेलं कातडं कापू लागलं, की मूळ स्वरासोबतचे वरचे स्वर १.५९ पट, २.१४ पट असे आडमाप उठतात. मग तबला षड्जाला मिळतो कसा? पुडीवरच्या काळ्या शाईमुळं! लोखंडाचा कीस आणि खळ यांचे ते थर मध्यभागी जाड, कडेला पातळ. त्यांच्या वजनानं वरचे स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे मापात येतात. १९२० साली चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं. अनाम कारागिरांनी मात्र ते कानानंच साधलं होतं, बरं का! गुरुजी, पुडीवर बारीक वाळू पसरून मुलांना दाखवा. कातडं जिथं स्थिर, तिथंच ती गोळा होते. रामन यांनीही तेच केलं होतं.