दोन मीटर रुंद, पाच किलोमीटर लांब

दोन मीटर रुंद आणि पाच किलोमीटर लांब सायकलवाट काढायची म्हटली, तर जागा लागते 10,000 चौरस मीटर, म्हणजे बरोबर 1 हेक्टर. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या आकड्याला कायद्याचं वजन आहे. 2006च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ते अशा 13 गावसुविधांसाठी वनजमीन द्यायला परवानगी देतं. अटी तीन: प्रत्येक कामाला जागा 1 हेक्टरपेक्षा कमी, तोड हेक्टरी 75 झाडांच्या आत आणि ग्रामसभेची शिफारस. म्हणजे बरोबर 1 हेक्टरची वाटही या अटीत बसत नाही, ती किंचित अरुंद किंवा आखूड हवी.

पाच किलोमीटरचा आकडाही मी उगाच घेतलेला नाही. मानव विकास कार्यक्रम राज्यातल्या 125 तालुक्यांत चालतो. त्यात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकल मिळते. त्यापुढच्या मुलींसाठी एसटीची निळी बस. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आणि 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 10 लाख 72 हजार. चौरस किलोमीटरला जेमतेम 74 माणसं. गावं लांब लांब, मधे जंगल. इथे सायकल हे हौशीचं वाहन नाही. ती शाळेची सोय आहे.

आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सकाळी उभं राहिलं की हे कळतं. मुली एकामागे एक, दप्तर कॅरिअरला दोरीनं बांधलेलं. मागून सुरजागडच्या लोहखनिजाचा ट्रक आला की सगळ्या डांबर सोडून मुरमात उतरतात, एक पाय जमिनीला टेकवून धूळ बसेपर्यंत थांबतात आणि मग पुन्हा पेडल मारतात. या मुलींना वेगळी वाट हवी, यावर वाद असायचं कारण नाही. ती कुठून न्यायची, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी झाडांचा हिशोब. 2025 मध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीनं गडचिरोलीत लोहखनिज प्रक्रिया प्रकल्पासाठी 937 हेक्टर वनजमीन वळवण्याची शिफारस केली. त्यात तोडाव्या लागणाऱ्या झाडांचा आकडा 1.23 लाख. भागाकार केला तर हेक्टरी सुमारे 131 झाडं. जंगल सगळीकडे सारखं दाट नसतं, तरी अंदाजाला हा आकडा पुरे. अशा जंगलातून दोन मीटरची वाट दोरी लावून सरळ नेली, तर पाच किलोमीटरमध्ये 131 झाडं आडवी येतील. कायद्याची मर्यादा 75. म्हणजे ती वाट कायद्यात बसायची असेल तर तिला वळावंच लागेल, आणि सायकलला वळण परवडतं. ट्रकच्या रस्त्याला रुंद, सैल वळण लागतं. सायकल मोहाच्या बुंध्याला वळसा घालून जाते.

मोहाचं नाव मुद्दाम घेतलं. अंदाजपत्रकात मोह हा ‘एक वृक्ष’ असतो. गावात तो कुणाच्या तरी घरचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याच्याखाली टोपली घेऊन कोण वेचायला बसणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्याच्या बदल्यात दहा रोपं लावली तरी त्या घराचं उत्पन्न कित्येक वर्षं बुडतं.

सायकल ट्रॅक म्हणजे आपोआप पर्यावरणाचं काम, हा समज महाराष्ट्रात एकदा कोर्टात पडला आहे. पवई तलावाच्या काठानं मुंबई महापालिका सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बांधत होती. 6 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवलं, बांधलेलं काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. चाक सायकलचं असलं तरी पाणथळ जागेत भराव तो भरावच.

आपल्याकडे पाणथळीच्या जागी वाघ आहे. ताडोबा-अंधारी प्रकल्पाचं गाभा आणि बफर मिळून क्षेत्र सुमारे 1,727 चौरस किलोमीटर, आणि वाघ त्या रेषेत राहत नाहीत. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातून रात्री सायकलनं घरी निघालेल्या कामगाराला वाघानं मारलं. अशा घटनेनंतर मागणी होते ती झुडपं साफ करण्याची आणि दिव्यांची. भीती खरी आहे, मागणीही समजण्यासारखी आहे. पण दोन्ही बाजूंनी पाच-पाच मीटर झाडोरा काढला, तर दोन मीटरची वाट बारा मीटरची होते आणि 1 हेक्टरचे 6 हेक्टर. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे जुनं राखलेलं जंगल, 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं, ते मुळात 6 हेक्टरचंच आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रस्ता आधीच आहे तिथे त्याचीच मुरमाची कड पक्की करून सायकलला द्यावी आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी जड वाहनं थांबवावीत. त्यात एकही झाड पडत नाही. रस्ता नाही तिथे गावाची जुनी पांदण वापरावी, रुंदी दोन मीटरच्या आतच ठेवावी. दिवे वस्तीजवळ असावेत, जंगलात नकोत. अंधार पडल्यावर जंगलातून बस धावावी, मुलीनं सायकल काढायची वेळच येऊ नये.

हे ठरवण्याचा हक्क गावाकडे आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं 2009 मध्ये 1,809 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला आणि ग्रामसभा जंगल सांभाळू शकते हे दाखवून दिलं. तुमच्या गावात रस्त्याच्या रुंदीकरणाचा किंवा सायकल ट्रॅकचा ठराव आला, तर सही करण्याआधी आखणीची पूर्ण वाट पायी चाला, आड येणारं प्रत्येक झाड मोजा, मोह कुणाचा ते विचारा, आणि ती यादी ठरावाला जोडा. चालताना शाळेच्या मुलींना सोबत घ्या.