बायकांच्या नाताळाचे आयरिश भोजन

बायकांचा नाताळ (आयरिश भाषेत 'नोलिग ना मॉन') हा आयर्लंडमध्ये ६ जानेवारीला पाळला जाणारा घरगुती सण आहे. नाताळाच्या बारा दिवसांची त्या दिवशी सांगता होते. ख्रिस्ती परंपरेत हा दिवस पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याच्या स्मरणाचा असून गोव्यातही चांदर, कासावली आदी गावांत तो 'तीन राजांचा सण' म्हणून साजरा होतो. आयर्लंडमध्ये, विशेषतः कॉर्क व केरी या परगण्यांत, त्याला एक वेगळे वळण मिळाले. नाताळभर राबलेल्या गृहिणीने त्या दिवशी विसावा घ्यायचा, घरकाम पुरुषांनी करायचे आणि बायकांनी एकमेकींकडे जाऊन चहा-फराळ करायचा, अशी ही प्रथा आहे. प्रस्तुत लेखात या सणाच्या भोजनाची पार्श्वभूमी आणि ते महाराष्ट्रातील, विशेषतः पुण्याच्या जुन्या पेठांतील एखाद्या घरात कसे मांडता येईल, याची माहिती दिली आहे.

सणाचे स्वरूप

मराठी वाचकाला येथे संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आठवण होणे साहजिक आहे. दोन्ही सण जानेवारीतले, दोन्ही बायकांचे. परंतु त्यांतील फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी यजमानीणच सकाळपासून पदर खोचून उभी असते, शिवाय रूढीने ते सवाष्णींपुरते मर्यादित राहिले. आयरिश प्रथेत सौभाग्याची अट नाही, आणि यजमानीण चुलीपाशी अडकून पडली तर सणाचा हेतूच फसतो.

जुन्या ग्रामीण समजुतीनुसार २५ डिसेंबरचा 'मोठा नाताळ' मांस आणि व्हिस्की यांचा, म्हणजे पुरुषांचा. ६ जानेवारीचा नाताळ चहा, मनुकांचा केक आणि लोणी लावलेला ताजा ब्रेड यांचा. गृहिणीने कोंबड्या-अंडी विकून गाठीला बांधलेल्या पैशातून हा खर्च होत असे. शहरी मध्यमवर्गाचे ताट अर्थातच अधिक भरलेले असे. जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहातील 'द डेड' या कथेतली मेजवानी याच सुमारास घडते असे मानतात. तीत हंसाचे मांस आहे, मसाल्यात मुरवलेले गोमांस आहे. पण ते डब्लिनमधील घर आहे, केरीतील झोपडी नव्हे.

दूध, ओट आणि बटाटा

आयरिश अन्न म्हटले की बटाटा आठवतो. पण बटाटा तेथे उशिरा, सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचला. त्याआधी तेथील सामान्य माणूस ओटची पेज व भाकरी आणि दूधदुभते यांवर जगत होता. दूध, ताक, दही, लोणी आणि चीज या पदार्थांना मिळून आयरिश भाषेत 'पांढरे अन्न' असे नाव होते. दलदलीच्या थंड मातीत पुरून ठेवलेले शेकडो वर्षांपूर्वीचे लोणी आजही तेथे उत्खननात सापडते. गाय हे धन होते आणि ती मुख्यतः दुधासाठी पाळली जाई.

बटाटा आला आणि गरिबाच्या जमिनीच्या तुकड्यावर भरघोस पिकला. 'बटाटा' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आला. आयरिश 'प्राता' हा त्याच कुळातला. आपण या परदेशी कंदाला उपासाच्या ताटात बसवले, आयरिश लोकांनी रोजच्या. हे अवलंबित्व त्यांना फार महागात पडले. १८४५ साली पिकावर करपा पडला. (पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरचे बटाटा उत्पादक ज्या उशिरा येणाऱ्या करप्याला आजही भितात, तोच हा रोग.) पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. १८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि लोणी इंग्लंडला जातच होते. दुष्काळग्रस्तांसाठी १८४६ मध्ये कलकत्त्यातही निधी जमवण्यात आला होता.

आयरिश पदार्थ साधे का, त्यांत मसाले जवळजवळ नाहीत आणि लोणी सढळ का, याचे उत्तर या इतिहासात आहे. हिरवा रंग घातलेली पेये आणि मिठाया ही आयरिश परंपरा नसून अमेरिकेतील १७ मार्चच्या, म्हणजे संत पॅट्रिकच्या सणाची देणगी आहे. 'कॉर्न्ड बीफ आणि कोबी' या जोडीचेही तेच. खारवलेले गोमांस कॉर्कहून जहाजे भरभरून परदेशी जाई; ते पिकवणाऱ्या देशातील गरिबाला परवडत नसे. न्यूयॉर्कला गेलेल्या आयरिश स्थलांतरितांना ते तेथे प्रथम स्वस्त मिळाले. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर बंदी असल्याने हा पदार्थ येथे तसाही गैरलागू ठरतो. मांसाहारी घरात बोकडाच्या मटणाचा, बटाटे व कांदे घालून मंद शिजवलेला रस्सा मात्र मूळ आयरिश 'स्ट्यू'च्या बराच जवळ जातो.

पुण्याशी संबंध

आयरिश भोजन शाकाहारी असू शकत नाही, हा समज खोटा ठरवणारी एक व्यक्ती पुण्याच्या इतिहासात आहे. मार्गारेट कझिन्स (जन्म १८७८, बॉइल, रॉसकॉमन परगणा) या आयर्लंडमधील स्त्री-मताधिकार चळवळीच्या कार्यकर्त्या होत्या. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९१५ मध्ये त्या भारतात आल्या. त्या कट्टर शाकाहारी होत्या. त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यातच भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई त्याच्या अध्यक्षा होत्या आणि स्त्रीशिक्षण हा त्याचा मुख्य विषय होता. बायकांच्या नाताळाच्या आठवड्यात, एका आयरिश बाईच्या खटपटीने पुण्यात बायका घराबाहेर पडून जमल्या, हा योगायोग असला तरी नोंदवण्यासारखा आहे.

सोडा ब्रेड

या भोजनाचा कणा म्हणजे सोडा ब्रेड. आयर्लंडचा गहू मऊ, कमी चिकटपणाचा; यीस्टने फुगवलेला पाव त्याचा नीट होत नाही. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा स्वस्त मिळू लागला आणि घरी लोणी काढल्यावर उरणाऱ्या ताकाशी त्याची जोडी जमली. ताकातील आम्ल व सोडा यांच्या संयोगाने कर्बवायू सुटतो व कणीक फुगते. हा वायू लगेच निघून जात असल्याने पीठ मळत बसायचे नसते, तिंबायचे तर मुळीच नाही. पोळीच्या कणकेची सवय असलेला हात येथे आवरावा लागतो.

एका ब्रेडसाठी ४५० ग्रॅम पीठ, एक सपाट चहाचा चमचा सोडा, तितकेच मीठ आणि साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर ताक घेतात. आपली चक्कीवरची कणीक पाणी अधिक पिते, म्हणून निम्मी कणीक व निम्मा मैदा घ्यावा आणि ताक अंदाजाने वाढवावे. जेवणानंतर पितो ते पातळ ताक येथे चालत नाही. ते घट्ट आणि आंबट हवे. गोळ्यावर सुरीने खोल फुली मारतात, त्यामुळे मध्यभागापर्यंत आच पोहोचते. २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये सुमारे ४० मिनिटे भाजून तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की ब्रेड झाला.

जुन्या आयरिश घरांत ओव्हन नव्हता. जाड बिडाच्या भांड्यात गोळा ठेवून झाकणावर निखारे ठेवत. वर-खाली विस्तव ठेवून भाजण्याची ही रीत आपल्याकडेही जुनी आहे. उत्तरेकडील 'फार्ल' हा प्रकार तर सरळ तव्यावर होतो: कणीक बोटभर जाडीची गोल थापायची, तिचे चार तुकडे करायचे आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी आठ-दहा मिनिटे भाजायचे. ज्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या आणि एक तवा एवढेच आहे, तेथे हाच मार्ग सोयीचा.

भांड्यांविषयी एक सूचना आवश्यक आहे. कसबा पेठेत, तांबट आळीच्या परिसरात, अनेक घरांमध्ये तांब्या-पितळेची पातेली व पराती पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि सणाला ती आवर्जून काढली जातात. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते आणि ते पोटात जाणे अपायकारक असते. पीठ भिजवण्यासाठी स्टीलची, काचेची किंवा मातीची भांडी वापरावीत. तांब्याची शोभा वाढण्याच्या टेबलावर, कोरड्या पदार्थांसाठी राखून ठेवावी.

कोलकॅनन आणि मनुकांचा ब्रेड

कोलकॅनन म्हणजे उकडून कुस्करलेल्या बटाट्यात शिजवलेला कोबी किंवा केल, कांद्याची पात, गरम दूध आणि लोणी घालून केलेला पदार्थ. तो खरे तर ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा, पण हिवाळ्याच्या कोणत्याही जेवणात शोभतो. दहा माणसांना दोन किलो बटाटे, पाऊण किलो कोबी, १५० ग्रॅम लोणी आणि सुमारे ३०० मिलिलिटर दूध पुरते. नवा बटाटा चिकट होतो, म्हणून साठवणीचा, पिठूळ बटाटा निवडावा. ताटात वाढल्यावर मधोमध खळगा करून त्यात लोणी सोडतात. भाताच्या मुदीत तुपासाठी आळे करणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

'बार्मब्रॅक' हा मनुकांचा ब्रेडही ३१ ऑक्टोबरचाच मानकरी. त्यात अंगठी लपवतात. ती ज्याला सापडेल त्याचे वर्षभरात लग्न ठरते, अशी समजूत आहे. त्याचा सोपा प्रकार असा: ३५० ग्रॅम बेदाणे-मनुका रात्रभर ३०० मिलिलिटर कडक कोऱ्या चहात भिजवाव्या, सकाळी त्यात २५० ग्रॅम मैदा, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, १५० ग्रॅम तांबूस साखर आणि एक अंडे मिसळून मंद ओव्हनमध्ये तासाभराहून थोडा अधिक वेळ भाजावे. अंडे वर्ज्य असल्यास पाव वाटी दही चालते. ब्रेड किंचित दाट होतो एवढेच. अंगठी घालायची तर ती कागदात गुंडाळावी आणि मुले-वृद्ध असतील तर घालूच नये.

गोड पदार्थांपैकी कॅरॅगीनची खीर शाकाहारी घरांना जवळची वाटेल. कॅरॅगीन हे आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावरचे शेवाळ असून ते दुधात उकळल्यावर दूध आळते. येथे त्याऐवजी चायना ग्रास वापरतात.

पेये

या दिवसाचे मुख्य पेय चहा. आयरिश चहा कडक असतो, त्यात आसामी पानांचा वाटा मोठा असतो आणि दूध भरपूर. आले-वेलदोडा मात्र नसतो.

आयरिश कॉफी हे तुलनेने अलीकडचे पेय. १९४०च्या दशकात फॉइन्स येथील समुद्री विमानतळावर जो शेरिडन या आचाऱ्याने गारठलेल्या प्रवाशांसाठी ती केली. गरम कॉफीत तांबूस साखर व व्हिस्की विरघळवून वर अर्धवट फेटलेली साय चमच्याच्या पाठीवरून सोडतात. साखरेने कॉफीची घनता वाढते, म्हणून साय तरंगते. बिनसाखरेची केल्यास ती खाली बसण्याचा संभव असतो. व्हिस्की वगळली तर ती साय घातलेली कॉफी होते. ती चवीला उत्तमच, पण तिला आयरिश कॉफी म्हणू नये. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. तीव्र मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे, तर बिअर व वाइनसाठी २१ वर्षे आहे.

आयर्लंड म्हणजे मद्य हे समीकरणही तपासून घ्यावे असे आहे. १९२७च्या कायद्याने तेथील मद्यगृहे संत पॅट्रिकच्या सणाला बंद असत आणि ही बंदी १९६०च्या दशकाच्या आरंभी उठली. लिंबाची चकती, लवंगा आणि गूळ घालून उकळलेले पाणी हे तेथील 'हॉट व्हिस्की'चे मद्यरहित रूप पुण्याच्या जानेवारीत पुरेसे ऊबदार असते.

कामाची वाटणी

मनुका आदल्या रात्री भिजवल्या आणि त्यांचा ब्रेड सकाळी भाजला की दुपारी दोनच कामे उरतात. बटाटे पाहुण्या येण्याआधी तासभर उकडायला ठेवावे. सोडा ब्रेड सर्वांत शेवटी करावा, कारण तो शिळा झाला की कोरडा पडतो. ही सर्व कामे घरातील पुरुषांनी व मुलांनी करावयाची आहेत. पाककृती इतक्या साध्या आहेत की ज्याने कधी पोळी लाटली नाही, त्यालाही फार्ल जमतो. उलट कणीक मळण्याची सवय नसणे येथे फायद्याचेच ठरते. भांडी घासणे हा त्याच कामाचा भाग आहे आणि ते दुसऱ्या दिवसावर ठेवू नये. ७ जानेवारीला ती कोणाच्या वाट्याला येतील, हे सांगण्याची गरज नाही.